पस्तीस अंशांची चाचणी

कुईशान, ९ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, त्याही एखाद्या अहवालातून कापून आणल्यासारख्या. 'अठरा जुलैला मध्यस्थीची बैठक आहे. त्या दिवशी फोनवर मी तुला काय म्हटलं, तेवढं येऊन सांग.' वर 'आ-हाओ' नाही, खाली नाव नाही. मी फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून टाकलायस हे मला मेमध्येच कळलं होतं. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे. विद्यापीठात माझी प्रयोगवही तपासताना तू म्हणायचीस, "हे लिहिलंयस की यावरून कोंबडी चालत गेली?" तीच कोंबडी अजून चालते आहे, सांभाळून घे.

आधी कामाचं. मी येणार आहे. आणि कंपनीने तुझ्यापुढे जो कागद सरकवलाय, त्यावर सही करू नकोस. 'स्वखुशीने राजीनामा देते असं लिहून द्या, आम्ही स्वच्छ दाखला देतो.' फांग साहेबांनी तो मजकूर मलाही वाचून दाखवला, वर म्हणाले, "बघ, चुंगबाईंसाठी किती करतोय आपण." स्वच्छ दाखला! सोळा वर्षं तू या प्रयोगशाळेत यंत्रं तापवून तापवून तपासलीस, आणि आता हे तुला स्वच्छ असल्याचा दाखला देणार. तो घेतलास तर कुठेतरी नोकरी लागेल खरी, पण आपल्या लॅपटॉपने त्या पोरीची मांडी भाजली ती तुझ्यामुळे, हे कायमचं तुझ्या नावावर राहील. नको घेऊस. मी येतो, सांगतो, आणि तू तुझ्या खुर्चीवर परत बसशील.

इथलं काय सांगू? तीन नंबरच्या तापखोलीवर ठेवलेली कुरकुऱ्यांची हिरवी पुडी मार्चमध्येच मुदतीबाहेर गेलीय आणि कोणाचं लक्ष नाही. तू असतीस तर सगळ्यांना फैलावर घेतलं असतंस. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून पुडी ठेवायची आणि तीच शिळी! खोली दोनदा बंद पडली. मी हसलो, पण मला हसू आलं नव्हतं.

तुझ्या खुर्चीवर सध्या कोणीतरी बसतं. तात्पुरतं.

तुझा,
आ-हाओ

कुईशान, २३ जून

ताई,

काल कंपनीच्या वकीलबाईंनी मला बोलावलं होतं. बाई हुशार आहेत, पण लॅपटॉप म्हणजे उघडायचा आणि मिटायचा, एवढंच त्यांना माहीत. पहिला अर्धा तास शिक्क्यांच्या डब्यावर गेला. मी म्हटलं, आमच्याकडे सहीऐवजी लावायचे सगळ्यांचे नावाचे शिक्के एका बिस्किटांच्या डब्यात असतात, कोणी रजेवर असलं की दुसरा त्याचा शिक्का लावतो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही सगळे मिळून एकच दात घासायचा ब्रश वापरतो.

"हे कोणी सुरू केलं?"

"माहीत नाही. मी आलो तेव्हापासून आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं, ताईने. पहिल्याच दिवशी. "तुझा शिक्का डब्यात टाक, इथे सगळेच टाकतात, नाहीतर कोणी आजारी पडलं की काम अडतं." बाईंनी ते लगेच लिहून घेतलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हे बोलायला नको होतं.

त्यांचं म्हणणं आता असं आहे. तापमान-चाचणीच्या अहवालावर तारीख गेल्या वर्षीची, चौदा ऑक्टोबर. त्या दिवशी तू गावी, मेइनोंगला होतीस, वडील गेल्याचा सातवा दिवस होता, हे त्यांनाही मान्य. पण शिक्का तू स्वतः डब्यात ठेवला होतास. आणि दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवरून तुला फोन गेला, चार मिनिटं अकरा सेकंद चालला. त्या फोनवर तू 'लाव' म्हणालीस, असं कंपनी म्हणते. तू 'नाही' म्हणालीस, असं तू म्हणतेस. बाकी सगळं कागदावर आहे, फक्त ही चार मिनिटं नाहीत.

शिक्का मी लावला. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, फांग साहेबांनाही. वकीलबाईंना मी 'शिक्का लागला' एवढंच सांगितलं.

बाहेर आल्यावर फांग साहेबांनी मला चहाच्या दुकानात नेलं. माझ्यासाठी कमी साखरेचा सांगितला, त्यांना माझी आवड लक्षात आहे. मग म्हणाले, "शिह-हाओ, दुसऱ्याच्या परवानगीने त्याचा शिक्का लावणं ही आपली पद्धत आहे. त्याने नको म्हटलं असताना लावणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. तू पद्धत पाळलीस की गुन्हा केलास, ते तूच सांगणार आहेस. मी तुला काहीच सांगत नाही." आणि खरंच त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. त्यांच्या मुलाच्या बेसबॉलबद्दल बोलत बसले.

तू तो दाखला नाकारलास असं ऐकलं. माझं पत्र वाचून नाकारलास का? बरं केलंस. मी येतो आहे.

आ-हाओ

थायनान, ५ जुलै

ताई,

हे पत्र रेल्वे स्टेशनवर बसून लिहितो आहे. कंपनीने मला त्या मुलीकडे पाठवलं होतं, श्यू यून-थिंगकडे. माफी मागायची आणि फळांची परडी द्यायची. परडी मोठी, लाल रिबिनीची. जाऊन बघतो तर तिच्या आईचं फळांचंच दुकान! मी पपयांच्या ढिगाऱ्यासमोर परडी घेऊन उभा. आईने एक आंबा दाबून पाहिला आणि म्हणाली, "कच्चेच भरलेत. कुठून आणले, तैपेहून? ठेवा तिकडे."

मुलगी एकवीस वर्षांची आहे, चित्रपटातली हलती चित्रं बनवायला शिकते. एप्रिलमध्ये वसतिगृहातल्या एसीचं पैसे भरून चालवायचं कार्ड संपलं होतं, खोली भट्टी झालेली. सर्दीची गोळी घेऊन ती लॅपटॉप मांडीवर ठेवून, काम चालू ठेवून झोपली. तीन तास. आईने फोनमधले फोटो दाखवले. मी सगळे पाहिले. एक चुकवला नाही, एवढं तरी लिहून घे माझ्या खात्यावर.

पण पोरीला मांडीचं बोलायचंच नव्हतं. तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "काका, जाहिरातीत पाच गिगाहर्ट्झ लिहिलंय. मेमध्ये तुमचं अपडेट आलं, तेव्हापासून हा दोनाच्या वर जात नाही. बाकीचे तीन कुठे गेले?"

मी समजावलं. म्हटलं, पाच हा त्याचा रोजचा वेग नाही. रोजचा सव्वादोन. एकदम काम आलं की प्रोसेसर स्वतःचा वेग वाढवतो, त्याला बूस्ट म्हणतात, पण ते अर्ध्याएक मिनिटापुरतं. तेवढ्यात तो तापतो आणि खाली येतो. ग्राफिक्सही तसंच वर जातं. आणि दोघांची उष्णता बाहेर काढायला पंखे तेच, नळी तीच, त्यामुळे एक जोरात पळाला की दुसऱ्याला आवरावं लागतं. लॅपटॉप जितका पातळ, तितका हा खेळ लवकर आटोपतो.

"मग पाच का छापता?"

"कारण जातो ना पाचापर्यंत."

तिची आई कलिंगड कापता कापता म्हणाली, "मीही शाळेत असताना शर्यतीत पहिली आले होते. पाटीवर लिहू का?"

"पण आधी माझा तासन्‌तास पळायचा," मुलगी म्हणाली. "चार-साडेचारच्या खाली येतच नव्हता. म्हणून तर घेतला."

ते मीच केलं होतं. लॅपटॉप तपासून लिहिणाऱ्या लोकांची चाचणी दहा मिनिटं चालते, म्हणून अर्ध्या मिनिटाची मुदत मी ताणून बारा मिनिटं केली, त्यानंतरची विजेची मर्यादाही चढवली, आणि तळाचं कवच सेहेचाळीस अंशांना पोचलं की सगळं हळू करायचं, ते बावन्नवर नेलं. या आकड्यांचा तक्ता मी तुला दाखवला होता. तू म्हणालीस, "पंचवीस अंशांच्या एसीत बसून सगळेच शूर असतात. पस्तीस अंशांच्या खोलीत दोन दिवस चालवून बघू, तळ अठ्ठेचाळीसच्या वर गेला तर तुझा तक्ता कचऱ्यात." मग तुझे वडील गेले. अहवालातल्या त्या चाचणीच्या रकान्यात मी गणिताने काढलेला आकडा भरला, पंचेचाळीस पॉइंट आठ, आणि मोजला म्हणून लिहिला. महिनाभर सगळीकडे आमचं कौतुक. इतका पातळ आणि इतका वेगवान! मलाही ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू.

यून-थिंगची परीक्षेची फिल्म सहा मिनिटांची आहे, एका म्हाताऱ्या बगळ्याची. अपडेटनंतर एकेका चित्राला तिप्पट वेळ लागायला लागला. वेळेत झाली नाही. वर्ष गेलं.

निघताना आई म्हणाली, "ज्या बाईने तपासलं होतं म्हणतात, तिला काढलंत ना?"

मी म्हटलं, "हो."

"बरं केलंत."

मी मान हलवली, ताई. तिथे, पपयांच्या समोर, मी मान हलवली. तिने मला कलिंगड कापून पिशवीत घालून दिलं आणि मी ते गाडीची वाट बघत खाल्लंही.

अठराला भेटू. आता नक्की सांगतो. हे सगळं पाहिल्यावर सांगावंच लागेल.

आ-हाओ

कुईशान, १९ जुलै

ताई,

मला तुझा निळा सदरा आठवत राहतो. तू प्रयोगशाळेत कधी इस्त्रीचे कपडे घातले नाहीस. काल घातले होतेस. तुला वाटलं होतं काल सगळं मिटेल.

तू माझं पहिलं पत्र पिशवीतून काढून टेबलावर ठेवलंस. मध्यस्थांनी ते मोठ्याने वाचलं. 'मी येतो, सांगतो.' वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "काय सांगतो, ते यात कुठे आहे?" कुठेच नव्हतं. बाकीची पत्रं तू आणली नव्हतीस. आणली असतीस तरी फोनवरचं वाक्य त्यांतही नाही. मी तीन पत्रं लिहिली, कुरकुऱ्यांची पुडी लिहिली, कलिंगड लिहिलं, आणि ते एक वाक्य तेवढं लिहिलं नाही. ते चुकून राहिलं असं तुला वाटत असेल तर तसं नाही.

मग त्यांनी मला विचारलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. रागाने नाही, हेच वाईट झालं. प्रयोगाच्या तोंडी परीक्षेला मी अडखळलो की तू बाहेरून पाहायचीस, तशी पाहत होतीस.

मी म्हटलं, "नीट आठवत नाही. तिकडे विधी चालू होते, वाजंत्री होती, आवाजात मला स्पष्ट ऐकू आलं नाही."

तू म्हणालीस, "आ-हाओ, आवाज नव्हता. मी घरामागच्या केळीत येऊन उभी राहिले होते. तुला ऐकू यावं म्हणून."

मी म्हटलं, "असेल. मला आठवत नाही."

मध्यस्थांनी विचारलं, आणखी काही? तू मान हलवून नाही म्हटलंस, पत्राची घडी घातलीस आणि ते पिशवीत न ठेवता टेबलावरच सोडून गेलीस. वकीलबाईंनी ते मला परत दिलं.

घरी आल्यावर पेइ-जूने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "आठवलं नाही." माझी बायको फार बोलत नाही, तुला माहीत आहे, आमचं जमवलंस तूच. पोटावर हात ठेवून ती ताट घ्यायला आत गेली. मग म्हणाली, "वाढलंय, बस." रात्रीपासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

मी तुला माफ कर म्हणणार नाही. म्हणायला तोंड नाही. पण हे लिहायचं थांबवता येत नाही, त्याला काय करू?

आ-हाओ

कुईशान, ११ ऑगस्ट

ताई,

तुझ्या खुर्चीवर मी बसतो. पहिल्या पत्रात 'कोणीतरी' लिहिलं होतं तो मीच. जूनच्या एक तारखेपासून. आता ते तात्पुरतंही राहिलं नाही, परवा दारावर पाटी लागली.

शनिवार-रविवार मी एकटा येऊन पस्तीस अंशांची चाचणी केली. कपाटात जुन्या तक्त्याचा एक लॅपटॉप उरला होता, अपडेट न लागलेला. तापखोली पस्तीसवर लावली, तू शिकवलंस तसे तळाला अकरा ठिकाणी तापमापीचे धागे चिकटवले, उजव्या कोपऱ्यात बिजागरीजवळ एक जास्तीचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम कामाला लावले. पहिल्या बारा मिनिटांत देखणा वेग. तुला आवडला नसता, मला अजूनही आवडतो. मग वेग थोडा उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला, आणि तळ तापतच गेला. एका तासाला एकोणपन्नास. तीन तासांना उजवा कोपरा त्रेपन्न पॉइंट चार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोली बंद करेपर्यंत तो आकडा हलला नाही. बावन्नला सगळं हळू करणारा माझा पहारेकरी दुसऱ्याच कोपऱ्यात बसला होता, त्याला कळलंच नाही.

म्हणजे दोन दिवस लागायचेही नव्हते. पहिल्या तासातच कळलं असतं. त्या दिवशी मी गणित मांडून आकडा काढण्यात जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात.

आकडा मी वहीत लिहिला. खाली शिक्का मारायची जागा होती, तिथे काहीच मारलं नाही. फांग साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचला आणि म्हणाले, "हे मशीन आता बाजारात या तक्त्याने चालत नाही. मग हे कशाचं मोजमाप?" वही मिटून माझ्या हातात दिली. अक्षराचं कौतुक केलं.

कंपनी तुझ्यावर दावा लावणार आहे असं ऐकतो. तुला नोटीस आली का? इथे सगळे म्हणतात की तसं काही होणार नाही, नुसतं घाबरवायला आहे. मीही तसंच म्हणतो. म्हणायला सोपं जातं.

आ-हाओ

कुईशान, १७ सप्टेंबर

ताई,

आज मध्य-शरद सणाची पौर्णिमा. गल्लीत सगळ्यांनी फुटपाथवर शेगड्या मांडल्यात, धुराने डोळे चुरचुरतात. शेजारच्या पोराने पपनसाच्या सालीची टोपी घातलीय. पेइ-जू माहेरी गेली आहे, बाळंतपण तिकडेच करणार म्हणते. एकटीच गेली, मला स्टेशनवर येऊ दिलं नाही.

शुक्रवारी फांग साहेबांनी मला कागद दाखवला. तू सही केलीस. तुझीच सही आहे, मी सोळा ठिकाणी ती पाहिली आहे. त्यात लिहिलंय, 'चौदा ऑक्टोबरला फोनवर शिक्का लावायची परवानगी मीच दिली, चूक माझी, यापुढे माझी काही तक्रार राहणार नाही.' बदल्यात कंपनी दावा लावणार नाही. स्वच्छ दाखल्याचा विषय आता निघाला नाही. जूनमध्ये तू तो घेतला असतास तर आज कुठल्यातरी प्रयोगशाळेत बसली असतीस. मी 'नको घेऊस' लिहिलं म्हणून तू घेतला नाहीस. कंपनीने तुझं जेवढं केलं नाही, तेवढं माझ्या त्या एका पत्राने केलं.

तुझ्या भावाकडून कळलं की तू शेजारच्या गावात पपयांच्या पेट्या भरायला जातेस. उष्णतेचं काम आता करणार नाही असं म्हणालीस म्हणे. त्याने माझ्याशी नीट बोलून फोन ठेवला. त्याला काही माहीत नसावं. तू कोणाला सांगितलंच नाहीस.

आता ती चार मिनिटं लिहितो. मला शब्दन्‌शब्द आठवतात. पहिल्यापासून आठवत होते.

तू म्हणालीस, "बोल, लवकर बोल, मंत्र म्हणणारे थांबलेत."

"ताई, पस्तीसची चाचणी राहिलीय. साहेबांना अहवाल आजच हवाय. गणिताने पंचेचाळीस पॉइंट आठ येतंय."

"गणिताने काहीही येईल. मशीन खोलीत ठेवलंस का?"

"नाही."

"मग अहवाल नाही. माझा शिक्का लावू नकोस, ऐकतोयस ना? लावू नकोस. मी परवा सकाळच्या गाडीने येते, दोघं बसून करू."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. सांग, ताई नाही म्हणाली. तुला कोण काय करतंय? मी आहे ना."

मी म्हटलं, "बरं."

मग तू विचारलंस, जेवलास का. मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, तुझा आवाज तसा वाटत नाही, आधी काहीतरी खा, मग काम. आणि वडिलांबद्दल बोलायला लागलीस. शेवटच्या दिवशी त्यांनी तुला ओळखलं नाही, धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि तू 'ओ' दिलीस. उरलेली तीन मिनिटं तू हेच बोलत होतीस. मी 'हं' 'हं' म्हणत होतो आणि एका हाताने डबा उघडत होतो.

एवढंच होतं ते. हे सांगायला मला अकरा महिने लागले.

दुसऱ्या दिवशी पाकीट चिकटवण्याआधी मी हे पत्र वकीलबाईंकडे घेऊन गेलो. विचारलं, हे पाठवलं तर आता यातून काही निघू शकतं का. त्यांनी पूर्ण वाचलं, परत पहिल्या पानावर गेल्या, तुझ्या सहीचा कागद काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही पाहिले. मग माझं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "चुंगबाईंची सही झालीय. खुशाल पाठवा."

आ-हाओ